एक पाय, तीन करार: कार्लोस कोरेआचा 2022-23 चा हिवाळा

मी मिनेसोटात राहते आणि ट्विन्सची, म्हणजे इथल्या बेसबॉल क्लबची, फॅन आहे, हे आधीच सांगून टाकते कारण हे प्रकरण लिहिताना मी अगदी तटस्थ असेन असं नाही. बेसबॉलचा ऑफसीझन म्हणजे अफवांचा बाजार असतो, कोण कुठे चाललाय, कुणी किती कोटी मोजले, कोणाचा ट्रेड (क्लबांमधली खेळाडूंची अदलाबदल) होणार, नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुसरं काही नसतं. पण त्या एका हिवाळ्यात जे झालं ते नीट मांडून ठेवण्यासारखं आहे. एकच खेळाडू महिन्याभरात तीन क्लबांचा झाला, त्यातल्या दोन क्लबांचा कधी झालाच नाही. खेळाडू, एजंट, क्लब ह्यांची नावं सगळ्यांना माहीत आहेत म्हणून घेतली आहेत, डॉक्टर, ट्रेनर, रिपोर्टर यांची मुद्दाम घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

कार्लोस कोरेआ पोर्तो रिकोचा. 2012 च्या ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) ह्यूस्टन ॲस्ट्रोजनी त्याला सगळ्यात पहिला उचलला, तेव्हा तो 17 वर्षांचा होता. 2015 मध्ये मेजर लीगमध्ये आला आणि त्याच वर्षी अमेरिकन लीगचा रुकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवा खेळाडू, झाला. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा, इनफिल्डमधली सगळ्यात अवघड. उंच, हात तोफेसारखा, बॅटही चांगली. 2017 ला ॲस्ट्रोज वर्ल्ड सिरीज जिंकले तेव्हा तो संघात होता (त्या टीमचं साइन, म्हणजे समोरच्या टीमचे इशारे, चोरण्याचं प्रकरण नंतर बाहेर आलं, तो वेगळा विषय).

आता ह्या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. जून 2014, कोरेआ 19 वर्षांचा, मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या स्तरावर, खेळत होता. तिसऱ्या बेसवर स्लाइड करताना उजव्या पायाचं फिब्युला (नडगीशेजारचं, घोट्यापर्यंत जाणारं) हाड मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट टाकली. आपल्याकडे गाडीवरून पडलेल्या किती जणांच्या पायात प्लेट असते, लोक ती विसरून आयुष्यभर चालतात फिरतात. कोरेआही विसरला होता म्हणा ना. त्यानंतरच्या आठ वर्षांत पाठीचं दुखणं झालं, इतर काही ना काही झालं, पण ह्या पायामुळे तो बाहेर बसला असं झालं नाही.

2021 च्या सीझननंतर तो फ्री एजंट झाला, म्हणजे करार संपून कुठल्याही क्लबकडे जायला मोकळा. 2 डिसेंबरला मालकांनी लॉकआउट लावला, 10 मार्च 2022 पर्यंत सगळे सौदे ठप्प. मधल्या काळात त्याने एजंट बदलून स्कॉट बोरासला घेतलं. ज्या लांब कराराची त्याला अपेक्षा होती तो काही जुळला नाही आणि मार्चमध्ये त्याने ट्विन्सबरोबर तीन वर्षं, 10.53 कोटी डॉलर असा करार केला, दर वर्षानंतर बाहेर पडायची मुभा ठेवून. आमच्याकडे कुणाचा विश्वासच बसेना. 2022 मध्ये 136 गेम, .291 बॅटिंग ॲव्हरेज, 22 होमरन. त्याच सप्टेंबरमध्ये एका गेममध्ये स्लाइड करताना त्या उजव्या पायाला मार लागला, तो थोडा वेळ कळवळला आणि नंतर रिपोर्टरांना मोकळेपणाने सांगून गेला की लागलं ते आतल्या प्लेटवर, त्यामुळे पाय बधीर झाल्यासारखा वाटला. तेव्हा ती बातमी कोणी दोन ओळींपेक्षा जास्त छापली नाही.

सीझन संपला, त्याने ऑप्ट-आउट, म्हणजे ती बाहेर पडायची मुभा, वापरला, परत बाजारात. वय 28.

प्रश्न काय होता

वरवर पाहिलं तर प्रश्न पैशांचा. त्या हिवाळ्यात शॉर्टस्टॉपचे भाव फुटले होते. ट्रे टर्नरला फिलीजनी 11 वर्षं 30 कोटी दिले, झँडर बोगार्ट्सला पाद्रेजनी 11 वर्षं 28 कोटी. दोघंही कोरेआपेक्षा वयाने मोठे. म्हणजे कोरेआ 30 च्या वर जाणार हे उघड होतं.

तिकडे सॅन फ्रान्सिस्को जायंट्सना मोठं नाव हवंच होतं. आधी त्यांनी न्यूयॉर्क यांकीजच्या आरन जजसाठी जोर लावला होता. 6 डिसेंबरला सॅन डिएगोला विंटर मीटिंग्जमध्ये (सगळ्या क्लबांची वार्षिक बैठक) एका मोठ्या रिपोर्टरने जज जायंट्सकडे चाललाय असं टाकलं, घाईत नावही चुकलं, आरनच्या जागी आर्सन, आणि थोड्याच वेळात ते मागे घ्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी जज 9 वर्षं 36 कोटींवर यांकीजकडेच राहिला. त्या काही मिनिटांत सॅन फ्रान्सिस्कोच्या फॅन्सना जे वाटलं असेल आणि नंतर जे झालं असेल, त्या दडपणाखाली जायंट्स कोरेआच्या बोलणीला बसले होते हे विसरता येत नाही.

पण खरा प्रश्न वेगळाच होता. बेसबॉलमध्ये करार पूर्ण गॅरंटीड असतो, खेळाडू खेळो न खेळो, पैसे द्यावेच लागतात. म्हणून प्रत्येक बातमीच्या शेवटी तीन शब्द असतात, फिजिकल पास झाल्यावर. फिजिकल म्हणजे करारावर सही करण्याआधीची वैद्यकीय तपासणी. आपण फॅन लोक ते शब्द वाचतच नाही. घर घेताना साठेखत वेगळं आणि खरेदीखत वेगळं, मधे वकील सर्च रिपोर्ट काढतो, तसंच हे. आकडा बाहेर येतो तो साठेखताचा. आणि इथे सर्च रिपोर्टमध्ये आठ वर्षांपूर्वीची प्लेट निघाली.

डॉक्टरांसमोरचा प्रश्न हा पाय आज कसा आहे हा नव्हताच. आज तो ठणठणीत होता. प्रश्न हा की 13 वर्षांच्या करारात हा माणूस 41 वर्षांचा होईल, तेव्हा हा घोटा काय म्हणेल? ह्याचं उत्तर कुठल्याच एक्स-रेमध्ये नसतं, तिथे अंदाजच असतो, आणि प्रत्येक डॉक्टरचा अंदाज वेगळा.

समोर असलेले पर्याय

13 डिसेंबरला बातमी आली, जायंट्स, 13 वर्षं, 35 कोटी. ट्विन्सनी 10 वर्षं 28.5 कोटी देऊ केले होते, ते मागे पडले. आम्ही हळहळलो आणि गप्प बसलो.

20 डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत पत्रकार परिषद होती, कुटुंब येऊन पोचलं होतं, आणि सुरू व्हायला तीनेक तास असताना ती पुढे ढकलली. इथे पहिला खरा निर्णयाचा क्षण आला.

जायंट्सपुढे तीन वाटा होत्या. डोळे मिटून सही करायची. किंवा थांबून आणखी डॉक्टरांना विचारायचं. किंवा वर्षं आणि अटी बदलून नवीन प्रस्ताव ठेवायचा. त्यांनी दुसरी वाट धरली. बोरासच्या म्हणण्यानुसार करार झाला होता, लेखी मसुदा होता, मुदत दिली होती, तरी त्यांना अजून लोकांशी बोलायचं होतं. जायंट्सचे प्रमुख फरहान झैदी नंतर एवढंच बोलले की फिजिकलच्या निष्कर्षांवर मतभेद होते, बाकी वैद्यकीय माहिती गोपनीय असल्याने सांगता येत नाही. मला व्यक्तिशः जायंट्सचं थांबणं चूक वाटत नाही, 35 कोटी डॉलरचा निर्णय एका दुपारी घ्या असं कुणी म्हणू नये. पण पत्रकार परिषदेची तारीख आधी जाहीर करून मग थांबणं, ते चुकलंच. सुपारी फुटली, मांडव घातला, आणि मग कुंडली बघायला बसलात असं झालं ते, आणि ज्याची कुंडली बघताय तो माणूस बायको-मुलांसकट दारात उभा.

कोरेआ आणि बोरासपुढेही पर्याय होते. जायंट्सना आठवडाभर द्यायचा. खेळाडूंच्या युनियनमार्फत तक्रार करून भांडायचं, ज्याला वेळ लागला असता आणि तोवर बाजार निघून गेला असता. किंवा लगेच दुसरं गिऱ्हाईक बघायचं.

बोरासने फोन उचलला.

काय केलं गेलं

न्यूयॉर्क मेट्सचे मालक स्टीव्ह कोहेन तेव्हा हवाईमध्ये सुट्टीवर होते. हेज फंडवाले, 2020 मध्ये क्लब विकत घेतला, पैशाला मागे न बघणारे, इतके की नव्या लेबर करारात लक्झरी टॅक्सचा (पगारांवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त खर्च केला की क्लबला भरावा लागतो तो) जो सगळ्यात वरचा टप्पा आला त्याला लोक कोहेन टॅक्सच म्हणतात. मेट्सकडे फ्रान्सिस्को लिंडोरसारखा शॉर्टस्टॉप आधीच 10 वर्षं 34.1 कोटींवर बसलेला, त्यामुळे कोरेआ तिसऱ्या बेसवर जाणार असं ठरलं. त्याच रात्री 12 वर्षं, 31.5 कोटी. मी सकाळी उठून फोन बघितला तर मला वाटलं जुनीच बातमी कोणीतरी चुकीच्या नावाने टाकलीये, दोनदा वाचली.

आता इथे दुसरा निर्णयाचा क्षण आहे आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या पायामुळे एक क्लब आदल्या दिवशी थांबला होता, तोच पाय घेऊन बोरासने काही तासांत दुसऱ्या क्लबशी जवळजवळ तेवढाच लांब करार ठरवला, परत फिजिकलच्या आधी. आणि कोहेन तर एका वर्तमानपत्राशी उघडपणे बोलूनही मोकळे झाले की आम्हाला अजून एक गोष्ट हवी होती, ती ही. मालकाने फिजिकलआधी असं बोललं की नंतर मागे फिरणं अवघड होतं, कारण उद्या भांडण झालंच तर समोरचा तेच वाक्य पुढे ठेवणार.

मग फिजिकल झालं, आणि ख्रिसमसच्या आदल्या दिवशी बातमी आली की मेट्सनाही त्याच उजव्या पायाची काळजी वाटते. पुढे कळलं की जायंट्सनी ज्या घोट्याच्या तज्ज्ञाचं मत घेतलं होतं, मेट्सनीही त्याचंच घेतलं. म्हणजे दोन क्लब नाही म्हणाले असं आपण म्हणतो खरं, पण त्या दोन नकारांच्या मागे एक मत सामाईक होतं. हे त्या काळात कोणी फारसं मांडलं नाही, सगळीकडे एकच सूर, दोन क्लब म्हणतायत म्हणजे पाय गेलाच.

मेट्सनी वाटाघाटी सोडल्या नाहीत. त्यांचा शेवटचा प्रस्ताव, बातम्यांनुसार, सहा वर्षं गॅरंटीड 15.75 कोटी, म्हणजे मूळच्या बरोबर निम्मे, आणि पुढची सहा वर्षं दर वर्षी पाय तपासून. दर वर्षी तपासून, हे खेळाडूच्या बाजूने वाचून बघा. दर हिवाळ्यात कोणीतरी तुमचं हाड बघणार आणि ठरवणार की तुम्ही अजून चालता का.

ह्या सगळ्या काळात ट्विन्स काय करत होते? आरडाओरडा न करता बोलत राहिले. बेसबॉल ऑपरेशन्सचे प्रमुख डेरेक फाल्वी बोरासच्या संपर्कात होते, नकार आला तेव्हाही संबंध तोडले नव्हते. आणि त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी बाकी दोघांकडे नव्हती. त्यांच्या ट्रेनरांनी आणि डॉक्टरांनी वर्षभर तो पाय रोज पाहिला होता, टेप बांधला होता, बर्फ लावला होता. एक्स-रे तिघांनीही पाहिला, पण गेमच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस कसा चालतो हे फक्त ट्विन्सना माहीत होतं.

तरीही त्यांनी जुना 28.5 कोटींचा प्रस्ताव तसाच परत ठेवला नाही, आणि मला ह्याचंच जास्त कौतुक वाटतं. त्यांनी कराराचा आकारच बदलला. सहा वर्षं, 20 कोटी गॅरंटीड. पुढे चार वर्षं, 2029 ला 2.5 कोटी, 2030 ला 2 कोटी, मग दीड, मग 1 कोटी, पण ती आपोआप तेव्हाच लागू होतील जेव्हा आधीच्या वर्षी तो पुरेसा खेळलेला असेल. सगळं धरून जास्तीत जास्त 27 कोटी. म्हणजे मेट्सही लांबच्या वर्षांवर अट घालत होते आणि ट्विन्सही, फरक एवढाच की मेट्सची अट डॉक्टरच्या खोलीतली होती आणि ट्विन्सची मैदानावरची. खेळलास तर पैसे. खेळाडूला ती अट मान्य करणं किती सोपं जातं बघा. वर नो-ट्रेड क्लॉजही दिला, म्हणजे त्याच्या संमतीशिवाय त्याचा ट्रेड करता येणार नाही.

10 जानेवारीला बातमी आली, 11 ला फिजिकल पास, सही, आणि ट्विन्सच्या स्टेडियमवर, टार्गेट फील्डवर, पत्रकार परिषद. तिथे कोरेआ शांतपणे म्हणाला की ह्यातून मी एवढं शिकलो की डॉक्टरांमध्ये मतभेद असतात.

आकडे नुसते शेजारी ठेवले तर वाटतं बिचाऱ्याचं 15 कोटींचं नुकसान झालं. पण वर्षाला भागून बघा. जायंट्सकडे वर्षाला साधारण 2.69 कोटी, मेट्सकडे 2.63 च्या आसपास, ट्विन्सच्या नव्या करारात 3.33. वर्षं गेली, वर्षाचा भाव वाढला. क्लब 12-13 वर्षं देतात ती काही 40 व्या वर्षी शॉर्टस्टॉप हवा म्हणून नाही, एकूण रक्कम जास्त वर्षांवर पसरली की लक्झरी टॅक्सच्या हिशोबातला वार्षिक आकडा खाली येतो म्हणून. म्हणजे ज्या लांब वर्षांवर सगळं मोडलं ती वर्षं मुळात बरीचशी हिशोबासाठी होती. हे कळल्यावर मला त्या महिन्याभराचा खरंच त्रास झाला, कारण त्या हिशोबापायी एका माणसाच्या घोट्याची चर्चा टीव्हीवर रोज चालली होती.

निकाल

2023 वाईट गेलं. .230 ॲव्हरेज, 18 होमरन, डबल प्लेमध्ये (एकाच फटक्यावर दोन आउट) 30 वेळा, तो क्लबचा रेकॉर्डच झाला. प्लँटर फॅसिआयटिस (तळपायाचं, टाचेचं दुखणं) झाला, आणि झाला तो डाव्या पायाला. ज्या पायावर दोन क्लबांनी महिनाभर घालवला तो नाही, दुसराच.

पण मग ऑक्टोबर आला. ट्विन्स 2004 पासून पोस्टसीझनचे, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांचे, सलग 18 गेम हरले होते, आमच्या इथली लहान मुलं ते ऐकतच मोठी झाली. टोरांटो ब्लू जेजविरुद्ध पहिल्या गेममध्ये कोरेआने धावत येऊन, बॉल उचलून होम प्लेटवर असा फेकला की रनर आउट. ती साखळी तुटली. दुसऱ्या दिवशी पाचव्या इनिंगमध्ये दोन आउट, टोरांटोचे रनर दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर, स्टेडियम दणाणून गेलेलं. कोरेआच्या लक्षात आलं की ह्या आवाजात व्लादिमिर गरेरो ज्युनियरला त्याच्या कोचचा इशारा ऐकू येणार नाही. त्याने पिचर सनी ग्रेशी ठरवलं, ग्रे वळला, बॉल दुसऱ्या बेसवर, गरेरो आउट, इनिंग संपली. 2-0 जिंकलो. 2002 नंतर पहिल्यांदा ट्विन्सनी सिरीज जिंकली. पुढे त्याच्याच जुन्या ॲस्ट्रोजनी हरवलं, पण तो एक पिकऑफ (बेस सोडून पुढे सरकलेल्या रनरला असं आउट करणं) मला आजही डोळ्यासमोर दिसतो, आणि तो कुठल्याही आकड्यात दिसत नाही.

2024 ला .310, ऑल-स्टार, पण उजव्या टाचेने दगा दिला आणि 86 च गेम. 2025 मध्ये ट्विन्सनी ट्रेडच्या डेडलाइनला अर्धी टीम मोडली आणि 31 जुलैला कोरेआला परत ॲस्ट्रोजकडे पाठवलं, बरोबर 3.3 कोटी डॉलर देऊन, बदल्यात मायनर लीगचा एक पिचर. नो-ट्रेड क्लॉज होता, त्याने तो स्वतः सोडला, आणि ह्यूस्टनला जाऊन तिसऱ्या बेसवर उभा राहिला, तीच जागा जी मेट्स त्याला देणार होते.

जायंट्स 2023 मध्ये 79-83 (विजय-पराभव), मेट्स 75-87. कोरेआ असता तर फरक पडला असता का, त्याच्या त्या वर्षीच्या बॅटिंगकडे बघून मी हो म्हणू शकत नाही. जायंट्सना शॉर्टस्टॉप मिळायला डिसेंबर 2024 उजाडला, विली अडामेस, 7 वर्षं 18.2 कोटी. तोवर झैदींची नोकरी गेली होती.

वेगळं काय करता आलं असतं

जायंट्सनी पत्रकार परिषद फिजिकलचा निकाल हातात आल्यावर ठरवायला हवी होती, हे मी वर म्हटलंच. त्याहून मोठी चूक म्हणजे शंका आल्यावर त्यांच्याकडे दुसरा प्रस्ताव तयार नव्हता. आठ वर्षं, पुढे अटींवर, असं काही त्याच संध्याकाळी टेबलावर ठेवलं असतं तर बोरासला हवाईला फोन लावायची गरज पडली नसती असं मला वाटतं. थांबणं ठीक, पण थांबताना समोरच्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं.

बोरासचं म्हणाल तर तो आपल्या माणसासाठी भांडला ह्यात शंका नाही. पण 20 डिसेंबरच्या रात्री बाजार बदलला होता, फिजिकलमध्ये काहीतरी अडलंय हे जगजाहीर झालं होतं, आणि तरी परत 12 वर्षं मागितली. तिथेच सहा-सात वर्षं, वार्षिक भाव जास्त, असा विचार केला असता तर दुसरा नकार आलाच नसता. दुसरा नकार जास्त महाग पडला, कारण पहिल्यानंतर लोक म्हणत होते जायंट्स घाबरले, दुसऱ्यानंतर म्हणायला लागले की पायच खराब आहे.

कोहेननी फिजिकलआधी बोलायला नको होतं.

ट्विन्सबद्दल माझी एक तक्रार आहेच. वर्षभराची माहिती फक्त त्यांच्याकडे होती, मग डिसेंबरमध्येच हाच आकार घेऊन का नाही गेले? 10 वर्षं 28.5 कोटी हा प्रस्ताव इतरांसारखाच होता, फक्त कमी पैशांचा. पण तेव्हा वार्षिक 3.33 कोटींचा छोटा करार कोरेआने घेतला असता का? 35 कोटी समोर असताना, नसताच घेतला बहुतेक.

आणि आम्ही फॅन. त्या महिन्यात मी स्वतः किमान तीन वेळा घरी जाहीर केलं की संपलं, गेला तो, आणि एकदाही फिजिकल हा शब्द उच्चारला नाही. आता ऑफसीझनला कुठलाही आकडा आला, ट्रेडचा असो किंवा साइनिंगचा, की मी आधी तारीख बघते आणि फिजिकल कधी आहे ते शोधते. नवऱ्याला वाटतं माझा उत्साह कमी झालाय. तसं नाहीये, 11 जानेवारीला जर्सीचं बटण लावताना तो ज्या हसऱ्या चेहऱ्याने कॅमेऱ्यासमोर उभा होता ते बघून मी किचनमध्ये ओरडले होते, भाजी करपली होती त्या दिवशी.